तोकुजीच्या म्हाताऱ्या काठ्या

तोकुजी कुमाझाकीचं आडनाव त्याचं स्वतःचं नव्हतं, आणि जन्मभर त्याने केलेलं जेवण कुणी खाल्लं नव्हतं. गावात या दोन्ही गोष्टींचं कुणाला काही वाटत नसे. आडनाव बायकोचं होतं, कारण कुमाझाकींना मुलगा नव्हता आणि एकुलत्या एका मासुएसाठी त्यांनी घरजावई आणला होता. जेवण मेणाचं होतं, कारण नागारा नदीच्या वरच्या अंगाला वसलेल्या या गावात हॉटेलांच्या काचेमागे मांडायचे खोटे पदार्थ बनवणं हा कुंभारकामाइतकाच सभ्य धंदा आहे. तळलेल्या कोळंबीचं कवच, बियरवरचा फेस, भाताच्या शितांवरची चमक, सगळं तोकुजीला यायचं. पण त्याचा खरा हातखंडा नवी वस्तू जुनी दाखवण्यात होता. ओसाकाच्या एका दुकानदाराला बरणीत वर्षभर मुरल्यासारखं दिसणारं मुळ्याचं लोणचं हवं होतं. तोकुजीने फोडींच्या कडा अशा सुरकुतवल्या, की तो भला माणूस पैसे देऊन झाल्यावरसुद्धा वास घेऊन बघत होता.

निवृत्तीनंतर अशी कला वाया घालवणं बरं नव्हे. तोकुजीने ती घरी वापरायला काढली.

त्याला नाद एकच, आयूच्या मासेमारीचा. आयू हा वीतभर मासा. नदीतल्या एखाद्या दगडावरचं शेवाळ तो आपल्या मालकीचं समजतो आणि तिथे दुसरा आयू आला की धावून जातो. म्हणून दोरीला जिवंत आयू बांधायचा, परक्या दगडापाशी सोडायचा, आणि घरमालक चिडून अंगावर आला की पाहुण्याच्या मागे लोंबणाऱ्या गळात तो आपोआप अडकतो. यासाठी काठी लागते नऊ मीटर लांब, एकात एक सरकून बसणाऱ्या पेरांची, आणि इतकी हलकी की दिवसभर धरून हात भरून येऊ नये. अशी काठी बनवणारे लोक तिची किंमत लावताना गिऱ्हाइकाला बायको आहे ही गोष्ट विचारात घेत नाहीत. एका चांगल्या काठीच्या पैशात जुनी छोटी मोटार येते, आणि ती पाण्यात तुटत नाही.

मासुएने पाच काठ्यांना परवानगी दिली होती. "हात दोन, काठ्या पाच. पुरे झालं," असं तिने एकदा सांगितलं आणि ओसरीवर पाच खुंट्या ठोकून घेतल्या. खुंट्यांवर गेली कित्येक वर्षं त्याच पाच काठ्या होत्या. म्हणजे दिसायला त्याच होत्या. तोकुजी नवी काठी घ्यायचा ती पुलापलीकडच्या निवाच्या मासेमारीच्या दुकानात, आणि तिथेच मागच्या खोलीत बसून तिला म्हातारी करायचा. सोनेरी अक्षरांवर काळा रंग, त्यावर फिकट पडलेलं जुन्या काठीचं नाव, मुठीपाशी झिजल्याची खूण, जिथे जुनीवर ओरखडा होता तिथे हुबेहूब ओरखडा. मग नवी जुनीच्या पिशवीत घरी यायची आणि जुनी निवाच्या माळ्यावर जायची. हे बघून निवाच्या चार-सहा गिऱ्हाइकांनीही आपापल्या काठ्यांना वार्धक्य आणून घेतलं. तोकुजीने त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. धर्मकार्य होतं.

इकडे महिला मंडळात मासुए अभिमानाने सांगायची, "आमच्या ह्यांना हौस आहे, पण हाव नाही. लग्नात बाबांनी दिलेली काठी अजून वापरतात."

घराचा विमा मासुएच्या नावावर होता, कारण घर मासुएच्या नावावर होतं. विम्याचं बघायच्या हाचियाबाई. गावातली निम्मी घरं त्यांच्याकडे होती आणि कुणाच्या कपाटात काय आहे हे त्यांना कपाटाच्या मालकापेक्षा जास्त ठाऊक होतं. पॉलिसीच्या नूतनीकरणाला त्या आल्या, चहा झाला, आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

"घरात हौसेचं काही किमती सामान? कॅमेरा, वाद्य, गोल्फचं काही?"

मासुए खळखळून हसली. "ह्यांच्या पाच काठ्या आहेत. त्यांचा विमा काढायचा म्हणजे चहाच्या चोथ्याचा काढण्यासारखं. काय हो?"

तोकुजी कपातल्या चहाचं बारकाईने निरीक्षण करत होता. "चोथाच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने हाचियाबाईंना पुलावर गाठलं. "हाचिया-सान, माझा एक मित्र आहे."

"असतो," हाचियाबाई म्हणाल्या.

"त्याच्या घरात एक महागडी काठी आहे, समजा. ती मोडली तर?"

"घरात, अचानक, चुकून मोडली तर कंपनी तशाच नव्या काठीचे पैसे देईल. नदीत मोडली तर एक दमडी नाही. गळाच्या काठीचं नावच घातलंय त्या कलमात. कंपनीत कुणीतरी मासेमार असणार."

"म्हणजे काठी घरात ठेवली की निर्धास्त."

"हो, पण क्लेम पॉलिसी ज्याच्या नावावर त्यानेच करायचा. तुमच्या मित्राची पॉलिसी बायकोच्या नावावर असेल तर सही बायकोची." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "मित्राला माझा नमस्कार सांगा."

तोकुजीने ठरवलं की आपल्याला विम्याची काही गरज नाही. घरात काठी मोडणार कशी? माणूस एवढा वेंधळा असतो का?

येत्या रविवारी आयूचा मोसम उघडणार होता. त्याआधी काठ्यांना मेण लावायचं, आणि त्यासाठी काठी पूर्ण उघडावी लागते. नऊ मीटर सरळ जागा घरात एकच होती. ओसरीवरून, बैठकीच्या खोलीतून, थेट पितरांच्या देव्हाऱ्यापर्यंत. तोकुजीने मधली सगळी सरकती दारं उघडली आणि पाचांतली सर्वांत लाडकी काठी आडवी टाकली. मुठीपाशी आपण बसला, टोक गेलं सासऱ्यांच्या फोटोखाली. गेल्याच हिवाळ्यात घेतलेली ही काठी जगाच्या दृष्टीने सासऱ्यांनी लग्नात दिलेली होती. सासरे फोटोतून तिच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा पहिल्यापासूनच साशंक होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मासुए आली. एका हातात वडिलांसाठी ताज्या भाताची वाटी, दुसऱ्यात चहा. दोन्ही हात भरलेले असले की ती दार टाचेने लोटायची, हे या घरात सर्वांना माहीत होतं. देव्हाऱ्याच्या खोलीत शिरताना तिने मागचं दार लोटलं.

खडीसाखर दाताखाली फुटावी तसा आवाज झाला.

मासुएने मागे पाहिलं. काठी अजून ओसरीपासून देव्हाऱ्यापर्यंतच होती, पण आता दोन भागांत.

"अगंबाई," ती म्हणाली. "बाबांची काठी."

तोकुजीच्या तोंडून शब्द फुटेना. त्याचं ते मौन मासुएला फार थोर वाटलं. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "जाऊ दे. जुनीच तर होती." हे म्हणताना त्याने मोडलेलं पेर असं छातीशी धरलं की मासुएने भाताची वाटी खाली ठेवली आणि पदर नसल्यामुळे डोळ्यांना बाही लावली.

"रागवा हो मला. तुम्ही असे गप्प बसलात की जास्त लागतं."

"रागवू कशाला? तू काय मुद्दाम केलंस?"

"बाबा बघत होते हो समोरून."

"बघत होते खरे," तोकुजी म्हणाला.

त्यानंतरचे दिवस त्याच्या संसारातले सर्वांत गोड आणि सर्वांत वाईट गेले. मासुएने न मागता बटाट्याची सुकी भाजी केली, त्याच्या आवडीचं लाल मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, घालून वांगं केलं, संध्याकाळी साके स्वतः कोमट करून दिली. सासऱ्यांच्या फोटोपुढे रोज जास्तीची उदबत्ती लागली. शेजारणींना सांगताना ती म्हणे, "एक अक्षर बोलले नाहीत हो. दुसरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं." तोकुजी वांगं खाई आणि त्याला घास गिळवत नसे. वांगं उत्तम असूनही.

बरं, गप्प बसावं तर मासुएने हाचियाबाईंना फोन करून टाकला होता. "इतकी वर्षं हप्ता भरतेय, तो कशासाठी?" शिवाय ती मोडलेलं पेर टॉवेलात गुंडाळून निवाच्या दुकानात घेऊन गेली. या काठ्यांची एकेक पेरं सुटी मिळतात हे ती बापाकडून लहानपणीच शिकली होती. काठीचं नाव तिने वाचून दाखवलं आणि तसंच पेर मागितलं. निवाला घाम फुटला. तो माळ्यावर चढला. तिथे सासऱ्यांची खरी काठी धूळ खात पडली होती, कारण ती विकायला तोकुजीचं मन धजावलं नव्हतं. निवाने तिचंच एक पेर काढून कागदात बांधून दिलं. मासुए घरी आली, पेर लावून बघितलं. ते जाडजूड होतं, आत जाईना.

"निवा-सान म्हातारे झाले," मासुए म्हणाली. "ज्या नावाची काठी, त्याच नावाचं पेर, आणि बसत कसं नाही?"

"लाकूड फुगतं पावसाळ्यात," तोकुजी म्हणाला.

"काठी कार्बनची आहे."

"कार्बनही फुगत असेल थोडा."

त्या संध्याकाळी निवाने त्याला दुकानामागे ओढलं. "हे बघ तोकु, तू तोंड उघडू नकोस. तुझं एकट्याचं प्रकरण नाही हे. तुझी एक काठी सोलली, की गावातली प्रत्येक बाई आपल्या घरातली नखाने खरवडून बघेल. तो पोस्टातला माणूस, तो तोफूवाला, आपल्या देवळाचे पुजारीसुद्धा!"

"पुजाऱ्यांच्या दोन आहेत," तोकुजी म्हणाला.

"तेच म्हणतोय! सोड ती काठी. समज, नदीत वाहून गेली."

"पैशांचं नाही रे. वांगं घशाखाली उतरत नाही."

"मग वांगं खाऊ नकोस!"

सल्ला चुकीचा नव्हता. काठीवर पाणी सोडायचं, मोसमाचा पहिला दिवस दुसऱ्या काठीवर काढायचा आणि मासुएच्या नजरेत संत होऊन उरलेलं आयुष्य घालवायचं. तोकुजीने जवळजवळ ठरवलंही. दुसऱ्या दिवशी हाचियाबाई आल्या.

त्यांनी सरकतं दार बघितलं, फोटो काढले, मग मोडकी काठी मांडीवर घेतली. मुठीपाशी बोट फिरवलं. अक्षरांवर फिरवलं. ओरखड्यावरून फिरवलं आणि तिथे जरा थांबल्या. तोकुजीच्या कारखान्याचाही विमा त्यांच्याकडेच होता. मेणाची कोळंबी त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

"मासुए-सान, चहा मिळेल का?" त्या म्हणाल्या. मासुए आत गेली तशा हळूच तोकुजीकडे वळल्या. "तुमचा मित्र बरा आहे?"

तोकुजीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"हे बघा, मी लिहीन ते त्या सांगतील तसं. वडिलांची जुनी काठी म्हणाल्या तर तसं. पण कंपनी पेर तपासायला पाठवते. खोटं निघालं तर ते मुळात कुणी केलं हे कुणी विचारत नाही. खाली सही कुणाची आहे, तेवढंच बघतात. तुम्ही त्या कागदावर कुठेच नाही आहात, तोकुजी-सान."

हे वाक्य त्याने जन्मभर वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकलं होतं. साठी उलटून गेली तरी पोस्टमन त्याला 'कुमाझाकींचे जावई' म्हणायचा. पण आज पहिल्यांदाच त्याला त्याची भीती वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती. मासुए चहा घेऊन आली, पेन उघडलं, आणि सहीच्या जागी वाकली.

"थांब," तोकुजी म्हणाला.

"का?"

तो उठला, आपल्या पेटीतून रंग काढायचं औषध आणि कापूस घेऊन आला. काठी गुडघ्यावर घेतली. हात सराईत होता. पहिल्या पुसण्यात ओरखडा गेला. दुसऱ्यात सासऱ्यांच्या काठीचं नाव गेलं. तिसऱ्यात काळ्या रंगाखालून सोनेरी अक्षरं वर आली, झगझगीत, आणि त्याखाली गेल्या वर्षीचं साल.

हाचियाबाईंनी चहाचा घोट घेतला. "काम सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "ओरखड्यावर तर मीसुद्धा घोटाळले."

मासुए अक्षरांकडे बघत राहिली. मग ओसरीवरच्या खुंट्यांकडे तिने नजर टाकली.

"आणि बाकीच्या चार?"

तोकुजीने कापूस तिच्या हातात दिला.

चारी काठ्या तिने स्वतः पुसल्या. एकेक काठी तरुण होत गेली आणि मासुएचं तोंड आवळत गेलं. शेवटची पुसून झाल्यावर तिने कापूस खाली ठेवला.

"बाबांची कुठाय?"

"निवाच्या माळ्यावर. विकली नाही. शपथ."

"तीन दिवस मी त्या फोटोसमोर मान खाली घालून बसले. माझ्या हातून बाबांची आठवण मोडली म्हणून. आणि तुम्ही वांगं खात होतात!"

"उतरत नव्हतं गं घशाखाली."

"दोनदा वाढून घेतलंत!"

तोकुजी मान खाली घालून चटईच्या काठाकडे बघत राहिला.

"महिला मंडळात मी सांगत फिरले, हाव नाही म्हणून. आता तोंड कुठे लपवू?" मग मासुए वळून बसली. "हाचिया-सान, लिहा. खरं लिहा. काठी गेल्या वर्षीची, किंमत निवा-सान लिहून देतील आणि मुकाट्याने देतील. मोडली मीच, टाचेने. आणि बाकीच्या चारही सामानात घाला, खऱ्या किमतीला. विम्याची रक्कम कमी पडते ना आता?"

"बरीच," हाचियाबाई म्हणाल्या. "हप्ता वाढेल."

"वाढू दे. ह्यांची साके कमी करू. नोंद मात्र माझ्या नावाने."

"काठ्या तुमच्या?"

"घर कुणाचं? मग घरातलं सामान कुणाचं?"

हाचियाबाईंनी तोकुजीकडे पाहिलं. तोकुजीने हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला माणूस कागदावर असावा लागतो.

निवाने घाबरून सांगितलं होतं तसंच झालं. दोन दिवसांत गावच्या औषधाच्या दुकानात नखांचा रंग काढायचं औषध संपलं. तोफूवाल्याच्या घरी तीन काठ्या निघाल्या. पोस्टातल्या माणसाने आपल्याकडची खरोखरच जुनी आहे हे शपथेवर सांगितलं, आणि ती खरोखरच जुनी निघाल्यावर त्याची बायको त्याच्यावर जास्त रागावली, की एवढाही पुरुषार्थ नाही. हाचियाबाईंचा फोन दिवसभर वाजत होता. त्या वर्षी कंपनीने त्यांना कसलासा चषक दिला असं म्हणतात. पुजारी काही दिवस प्रवासाला गेले.

रविवारी मोसम उघडला. नवं पेर वेळेत आलं होतं. पहाटे तोकुजी तयार झाला, ओसरीवर आला, तर मासुए त्याच्या आधी तिथे उभी. डोक्यावर टोपी, पायांत बापाचे जुने रबरी बूट, काखेत घडीची खुर्ची.

"तू कुठे?"

"नदीवर. काठी घरात असेपर्यंत विमा आहे. नदीवर नाही. माझी वस्तू बिनविम्याची तुमच्या हातात देऊन मी घरी बसू?"

नदीवर माणसं लांबलांब अंतराने कंबरभर पाण्यात उभी होती. कुणी त्याच्याकडे वळून बघितलं नाही. तोफूवाल्याने तेवढ्यासाठी उलटं तोंड करून प्रवाहाविरुद्ध मासे धरायला सुरुवात केली. तोकुजी पाण्यात उतरला. काठावर मासुएने खुर्ची मांडली.

नदी ही त्याची एकमेव जागा होती जिथे त्याला कुणी काही म्हणायचं नाही. आज काठावरून आवाज येत होता.

"हळू उघडा. पेरन् पेर नवं आहे ते."

"उघडतोय."

"दगडाला लागेल! मागे व्हा जरा."

पहिला आयू लागला तशी काठी कमानीसारखी वाकली. तोकुजीच्या अंगावर तोच जुना काटा आला.

"किती वाकवता! मोडेल!"

"वाकायलाच केलीय ती!"

"माझी आहे!"

या गडबडीत मासा सुटला. तोकुजीने वळून काठावर बघितलं. मासुए उठून उभी होती आणि बूट घट्ट करत होती.

"द्या इकडे."

"अगं, तुला नाही जमायचं. पाण्यात जिवंत मासा हाकायचा असतो, नऊ मीटरवरून, ते काही—"

"बाबा धरत होते तेव्हा टोपली कोण धरायचं? द्या."

पाण्यात येऊन तिने काठी हातात घेतली. क्षणभर वजन जोखलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं दोन-तीन दिवसांचं आवळलेपण जरा सैल झालं. तिला वाटलं होतं, एवढ्या पैशांत निदान जड तरी असेल. ही तर हातात आहे की नाही तेच कळत नव्हतं. तिने दोरीचा मासा सोडला आणि मग काहीच केलं नाही. तोकुजी जे सगळं करायचा, ते हाकणं, थांबवणं, वळवणं, तिला येतच नव्हतं. तिने मासा त्याच्या मर्जीवर सोडला. मासा आपण होऊन एका काळ्या दगडाच्या आडोशाला गेला.

काठी झपकन वाकली.

"अहो!" मासुए ओरडली. "अहो, ओढतोय!"

"वर धर! वर! सैल नको सोडू!"

"मोडेल!"

"मोडणार नाही! वाकू दे, मासुए, वाकू दे तिला!"

दोन मासे एकाच दोरीवर पाण्याबाहेर उडाले, उन्हात चमकले आणि हवेतून थेट त्याच्याकडे आले. तोकुजीने कमरेची जाळी उपसली आणि झेलले. पलीकडे तोफूवाला सगळं विसरून वळून बघत होता.

मासुए धापा टाकत होती. टोपी पाण्यात पडून वाहून चालली होती आणि तिचं लक्ष नव्हतं. तिने काठीच्या सोनेरी अक्षरांवरून ओला अंगठा फिरवला.

"किती म्हणालात हिची किंमत?"

तोकुजीने आकडा सांगितला. या वेळी पूर्ण सांगितला.

मासुएने जरा विचार केला. "दुसरा मासा बांधा दोरीला," ती म्हणाली. "आणि जाळी नीट धरा."